दारावरचा कागद

इसहाक साळवे करंजवाडीच्या मिशन शाळेत शिपाई होते; सगळे त्यांना मामा म्हणत. घंटा, झाडलोट, निरोप ही कामं ते करतच. पण त्यांचा जीव कागदात. खिळखिळी झालेली हजेरीपत्रकं, सुटी पुस्तकं ते चिंचोक्याच्या खळीनं बांधून देत. चिंचोके भाजून, सोलून, दळून मंद आचेवर शिजवायचे आणि कसर लागू नये म्हणून वर चिमूटभर मोरचूद. मामांच्या खळीनं चिकटलेलं पान फाटेल पण सुटणार नाही, असं आम्ही शिक्षक म्हणायचो.

गावविहिरीत वस्तीतल्या ख्रिस्ती आणि बौद्ध घरांना पोहरा टाकता येत नसे. बायका काठावर ताटकळत. कुणी वरून ओतलं तर घागर भरे. एकाहत्तर साली वस्तीतल्या तरुणांनी सभा आणि अर्ज सुरू केले. मामा सभेत कधी बोलले नाहीत. ते कागद गोळा करत. अर्जाची नक्कल, हॅंडबिल, सभेला कोण आलं त्याची चिठ्ठी, सगळं तारीखवार लावून लाल कापडात बांधलेलं. हे कशाला, असं मी एकदा विचारलं.

"मास्तर, बोलनारं बोलून जातं," ते म्हणाले. "उद्या कुनी म्हनलं, असं काई झालंच न्हाई, तर काय दावायचं?"

बहात्तरच्या दिवाळीआधी सरपंच आप्पासाहेबांनी आणि पंचांनी चावडीत लिहून दिलं की विहीर सगळ्यांना खुली. खाली सह्या, अंगठे. त्या दिवशी वस्तीत गुळाचा चहा झाला. कागद जपायला मामांच्या पेटीत गेला, आणि तो बघायला जो तो त्यांच्या घरी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना अंगठ्यांवरून हात फिरवायचा होता. पेटी उघडून उघडून मामा थकले आणि आयुष्यात एकदाच त्यांच्याकडून गफलत झाली. नक्कल न करता मूळ कागदच त्यांनी आपल्या घराच्या दारावर डकवला. फाईलमध्ये त्या जागी कोरं पान लावून लिहिलं, 'दारावर पाहावे'.

पुढल्या चैत्रात विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि आप्पासाहेबांनी वस्तीचा पोहरा पुन्हा बंद केला. आम्ही असं काही लिहूनच दिलं नाही, म्हणू लागले. वस्तीनं अर्ज केला. मामलेदारांनी दोन्ही बाजूंना सोमवारी पाथर्डीला बोलावलं. येताना मूळ कागद आणा, अशी सूचना होती. तो दाखवता आला नसता तर भर दुष्काळात वस्तीची विहीर गेली असती.

मामांनी ओलं फडकं घेतलं. खळ हलली नाही, पण एका सहीची शाई फुटायला लागली. त्यांनी फडकं टाकलं आणि कपाळाला हात लावून उंबऱ्यावर बसले. त्यांच्या बायकोनं, दीनाबाईंनी, आधी त्यांच्याकडं बघितलं, मग दाराकडं.

"आता बसून काय व्हतंय? शाळंची पुस्तकं बांधता तसं घरबी बांधून ठिवलं," त्या म्हणाल्या. "काडा दार. त्याच्या जागी मी लावते लुगडं."

बिजागऱ्या काढून दार एस.टी.च्या टपावर चढलं. कंडक्टरनं विचारलं, कुणाचं घर हलवताय? मामा म्हणाले, हलवत न्हाई, साक्षीला नेतोय. सगळी गाडी हसली.

कचेरीच्या व्हरांड्यात दार भिंतीला टेकवलं. मामलेदारांनी चष्मा लावून ते उभ्यानं वाचलं. आप्पासाहेब म्हणाले, सही माझ्यासारखी दिसते खरी, पण अशी कुणीही करील. तेवढ्यात त्यांच्याच बाजूनं आलेले म्हातारे पंच भिमाजी पुढं झाले. अंगठ्यांवरून बोट फिरवत एका ठिकाणी थांबले.

"ह्यो माजा," ते म्हणाले. "इळ्यानं कापलं हुतं, त्याची ही आडवी रेघ." आणि आपला अंगठा त्यांनी मामलेदारांसमोर धरला.

आप्पासाहेब दबक्या आवाजात म्हणाले, "भिमाजी, गप बसायचं ठरलं हुतं ना?"

"ठरलं हुतं. पर आप्पा, एवढं दार उचलून आनलंय त्यांनी. आता कसं गप बसू?"

मामलेदारांना हसू आवरेना. आप्पासाहेबांनी मान खाली घातली आणि सही आपली म्हणून कबूल केली. कारकुनानं नक्कल केली, शिक्का बसला, आणि वस्तीला पाणी अडवायचं नाही असा लेखी हुकूम निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीनाबाईंनी स्वतः पोहरा टाकला. वस्तीतल्या झाडून सगळ्या बायका तिथं होत्या. मामा तेवढे नव्हते. मी हाक मारायला गेलो तर ते गुडघ्यावर पाटी घेऊन, पाटीवर कागद ठेवून, कचेरीत कोण काय बोललं ते क्रमानं लिहीत होते. भिमाजींच्या वाक्याशी आले होते आणि हसण्यानं हात हलत असल्यामुळं ती ओळ त्यांना तिसऱ्यांदा लिहावी लागत होती.