टपाच्या बदल्यात दिलेला मोबाईल

खून, दरोडे, दंगली यांचे तपशील वयोमानाने पुसट होत चालले आहेत, पण एका मेंढ्याच्या चोरीची ती घटना मात्र आजही लख्ख आठवते. यात मी कुणाचंही नाव सांगणार नाही. मेंढ्याचं तेवढं सांगतो, त्याची हरकत नसावी. त्याचं नाव बाळ्या.

मी तेव्हा जत तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, गुडघे कुरकुरत होते आणि स्वभाव मुळातच तापट. माझं गाव सातारा जिल्ह्यातलं, औंधच्या बाजूचं. आमच्याकडे मेंढी म्हणजे मेंढी. जतला आल्यावर समजलं की पोपटाच्या चोचीसारख्या नाकाचा जातिवंत मेंढा म्हणजे घरातला थोरला मुलगाच. त्याला दूध मिळतं, अंडी मिळतात, आणि पाव्हणा आला की चहाआधी त्याचं दर्शन घडवतात.

असाच एक मेंढा एका बागायतदाराच्या गोठ्यातून चोरीला गेला होता. फिर्याद आमच्याच ठाण्यात नोंद होती. दहा महिने काही पत्ता नव्हता. मग एका शुक्रवारी सकाळी फिर्यादी धापा टाकत आला.

"सायेब, घावला! आमच्या गड्यानं बाजारात बघितला. तेच नाक, त्योच तांबडा पट्टा. एका मेंढपाळाकडं हाय."

खबर ताजी होती. आम्ही वस्तीवर गेलो, पंचनामा केला आणि मेंढा मुद्देमाल म्हणून ताब्यात घेतला. ठाण्याच्या मागच्या लिंबाखाली त्याला बांधलं. मेंढपाळ आणि त्याची बायको यांना चौकशीसाठी बोलावलं. म्हातारा तोंडातून शब्द काढेना. बोलली ती बाई. तिचं माहेर कर्नाटकातलं, पण मराठी ठसक्यात बोलायची.

"आवं सायेब, ह्यो आमच्याच मेंढीच्या पोटचा. पिल्लू हुता तवा पुढचा डावा पाय मोडला हुता ह्याचा. मी कळकाच्या कामट्या बांधल्या, बाटलीनं दूध पाजलं. आमच्या पोरानं मोबाईलवर शूटिंग बी केलंय."

मी त्या दोघांना व्हरांड्यात बसवलं आणि आधी फिर्यादीचा पुरवणी जबाब घेतला. एका जुन्या फौजदाराने मला शिकवलेली सवय होती ती. समोरचा काय बोलला हे फिर्यादीच्या कानावर जाण्याआधी त्यालाही तोच प्रश्न विचारायचा.

"तुमच्या मेंढ्याच्या पायाला कधी काही इजा झाली होती?"

"इजा? खडा टोचू दिला न्हाई सायेब आमी त्याला!"

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. दुपारी जनावरांच्या डॉक्टरांनी पाय चाचपला. डाव्या पायाच्या हाडाला गाठ होती, जुनं मोडलेलं हाड जुळल्याची. पण ते कधी मोडलं आणि कुणाच्या दारात, हे सांगणं त्यांच्या हातात नव्हतं. फिर्यादीला हे कळताच तो म्हणाला, "चोरताना मोडला असंल." झालं, गाडं पुन्हा तिथंच. मेंढ्याच्या ताब्याचा फिर्यादीचा अर्ज सोमवारी कोर्टापुढे येणार होता. तोवर पुरावा मिळाला नाही तर बाळ्या जाणार होता आणि त्या जोडप्यावर चोरीचा शिक्का बसणार होता.

"ते शूटिंग दाखवा," मी बाईंना म्हणालो.

बाईंनी चंचीतून प्लास्टिकच्या चिटोऱ्यात गुंडाळलेलं मेमरी कार्ड काढलं. नखाएवढं. मी ते हवालदाराच्या मोबाईलमध्ये घालायला लावलं. पडद्यावर अक्षरं आली: हे कार्ड वापरता येत नाही, फॉरमॅट करायचं का?

माझं डोकं फिरलं. "बाई, रिकामं कार्ड दाखवून पोलिसांना बनवता? चोर तर चोर, वर शिरजोर!" मी ओरडलो, आणि हवालदाराला म्हणालो, "कर ते फॉरमॅट, बघू काय निघतंय त्यातून."

आमच्याकडे एक महिला शिपाई होती, संगणकाचं सगळं काम तिच्याकडे. तिने हवालदाराच्या हातातून मोबाईल ओढूनच घेतला.

"साहेब, थांबा! कार्ड खराब नाही, कुलूपबंद आहे. ज्या फोनमध्ये ते कुलूप लावलं त्याच फोनमध्ये उघडतं. दुसऱ्या फोनला ते वाचता येत नाही, म्हणून तो पुसू का विचारतोय. हो म्हटलं असतं तर सगळं संपलं असतं."

मग उलगडा होत गेला. त्यांचा मुलगा फौजेत. सुट्टीवर आला तेव्हा आईबापाला त्याने नवा मोबाईल घेऊन दिला. जुन्या मोबाईलच्या कार्डाला सुरक्षेचं कुलूप त्यानेच कधीतरी लावलेलं. आणि तो आता सीमेवर अशा जागी होता की फोन लागत नव्हता.

"मग जुना मोबाईल कुठंय?"

म्हातारा पहिल्यांदाच बोलला. "टप घेतला हिनं."

आमच्या भागात गावोगाव मोटरसायकलवर फेरीवाले फिरतात. कर्ण्यावर ओरडतात, जुना बंद मोबाईल द्या, टप घ्या, पाटी घ्या. बाईंनी महिन्याभरापूर्वी जुना मोबाईल देऊन निळा टप घेतला होता. शहाणपणाने कार्ड काढून ठेवलं होतं, फोटो कार्डात असतात म्हणून. अशी चूक मीही केली असती. माझ्या बायकोने तर केलेलीच आहे, पण आमच्याकडे सुदैवाने कुलूप नव्हतं.

"तो मोबाईल कुणी पूर्ण पुसून नव्यासारखा केला," शिपाई म्हणाली, "तर कुलपाची किल्लीच गेली. मग कार्डातलं कुणालाच काढता यायचं नाही."

फेरीवाल्याची खबर आमच्या चहावाल्याने दिली. पोलिसांचे खरे खबरी चहावालेच. तो म्हणाला, "टपवाला आष्ट्याकडचा हाय. शनवारी खालच्या वाड्यांवर असतोय." शनिवारी सकाळी आम्ही कर्ण्याच्या आवाजाच्या दिशेने जीप घातली. आम्हाला बघून टपवाल्याने कर्णा बंद केला आणि दोन्ही हात जोडले.

"सायेब, मी चोरीचा माल घेत न्हाई. देवाशपथ!"

"चोरीचं नाही विचारत. निळा टप देऊन एका मावशीकडून मोबाईल घेतलास, तो कुठाय?"

त्याला खोटं बोलायचंच नव्हतं, पण पोलीस दिसले की खऱ्या माणसालाही खोटं सुचतं. दोनदा वेगवेगळं सांगून झाल्यावर मी त्याला पाणी दिलं आणि गप्प बसलो. गप्प बसणं ही चौकशीतली सगळ्यात अवघड कला आहे, मला ती फार उशिरा जमली. पाच मिनिटांनी तो म्हणाला, "आष्ट्यात एक दुरुस्तीवाला हाय. समदे त्यालाच दिले."

त्याची टपांनी लादलेली गाडी पोलीस पाटलांच्या दारात लावली आणि त्याला घेऊन आष्टा गाठलं. दुरुस्तीवाल्याच्या काउंटरवर पुसून, चकाकून विक्रीला ठेवलेल्या मोबाईलची रांग होती. आमचाही त्यातच गेला असेल असं मला वाटलं. पण बाजूच्या खोक्यात शिपाईला हिरव्या कव्हरचा, काच तडकलेला एक मोबाईल दिसला. कव्हरच्या कडेला भंडाऱ्याची पिवळी पूड अजून चिकटलेली होती. बाईंनी सांगितलेली खूण हीच.

"हा पुसलास का?"

"न्हाई साहेब. ह्याची काच यायची राहिली हुती. आजच पार्सल आलंय. जेवून आलो की ह्यालाच घेणार हुतो."

मी तिथंच काउंटरवर पंचनामा लिहायला घेतला.

रविवारी सकाळी ठाण्यात दोन पंच, मेंढपाळ जोडपं आणि फिर्यादी, सगळ्यांना बोलावलं. मोबाईल चार्ज केला, कार्ड घातलं. पडद्यावर पुन्हा तेच: कार्ड वाचता येत नाही. बाईंनी डोळे मिटले. शिपाईने शांतपणे कार्ड काढलं, त्याच्या सोनेरी पट्ट्या मऊ फडक्याने पुसल्या, मोबाईल बंद करून पुन्हा चालू केला. या वेळी मोबाईलने कुलपाचा आकडा मागितला.

"मावशी, आकडा सांगा."

"आकडा मला कुठला येतोय? बोटाला म्हाईत हाय." असं म्हणून बाईंनी तडकलेल्या काचेवर चार ठिकाणी बोट ठेवलं.

कार्ड उघडलं.

चित्रात एक पिल्लू होतं. पुढच्या डाव्या पायाला कळकाच्या कामट्या, नाकावर तोच तांबडा पट्टा. बाई त्याच्या तोंडात बाटली धरून कानडीत म्हणत होत्या, "हालु कुडी, बाळ्या, हालु कुडी." दूध पी, बाळ्या. चित्रीकरणाची तारीख फिर्यादीच्या मेंढ्याच्या चोरीच्या कितीतरी आधीची होती.

फिर्यादीने ते दोनदा बघितलं. मग मागच्या दारातून लिंबाखालच्या बाळ्याकडे बघत राहिला. माणूस लबाड नव्हता. त्याचा मेंढा खरोखर गेला होता, आणि गेलेल्या जनावरासारखं दुसरं दिसलं की जीव भुलतो. तो बाईंसमोर येऊन उभा राहिला.

"आक्का, माझं चुकलं. ह्यो माझा न्हवं."

"तुमचा बी घावंल, दादा," बाई म्हणाल्या. मेंढा हिरावला जाणार होता तो त्यांचा, आणि धीर देत होत्या त्या फिर्यादीला.

त्याचा मेंढा आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही, हे मात्र सांगायला हवं. बाळ्या सोमवारी कोर्टाच्या हुकमाने घरी गेला. पुढे मोबाईल आणि कार्ड परत देताना आमच्या शिपाईने सगळ्याची दुसरी प्रत काढून ठेवली, मग सेटिंगमध्ये जाऊन कार्डाचं कुलूप काढलं, म्हणजे ते नव्या मोबाईलमध्येही चालेल. मी बाईंची माफी मागितली. माफी मागायची सवय नसल्यामुळे ती नीट मागता आली नाही.

या गुन्ह्याने मला एक गोष्ट शिकवली. जे माझ्यासमोर उघडत नाही, त्याला मी रिकामं समजत आलो होतो, कार्डालाही आणि माणसालाही. किती गप्प माणसांना मी नोकरीभर खोटारडं ठरवलं असेल, याचा हिशोब आता लागायचा नाही.

पण मला खरी लाज वाटली ती आठ दिवसांनी. दुपारी बाई ठाण्यात आल्या. बसने आल्या होत्या, डोक्यावर तो निळा टप, घासून लख्ख केलेला. त्यांनी तो माझ्या टेबलाशेजारी ठेवला.

"त्यो टपवाला तुमास्नी घावतोय म्हणून हिकडं आणला. त्याला द्या तेवढा."

"का हो मावशी? ठेवा की तुम्हाला."

"मोबाईल माघारी आला न्हवं सायेब? मग त्याचा टप मी कसा ठिवू?"

शनिवारी मी ड्रायव्हरला सांगितलं नाही, शिपायालाही पाठवलं नाही. टप जीपमध्ये घातला आणि कर्ण्याच्या आवाजाच्या दिशेने स्वतः निघालो.