चूक उघडी ठेवणाऱ्या वत्सलाताई

वत्सलाताई रणपिसे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तळेगाव ढमढेरेच्या एका शिबिरात. फिशटँकमधल्या पाण्याचं तापमान बघून हीटर आपोआप चालू-बंद करणारा कंट्रोलर घरी कसा बनवायचा, हे त्या शिकवणार होत्या. दारातच संयोजक प्रत्येकाचं शिक्षण विचारत होते. इंजिनियर पुढं, बाकीचे मागं. मी निमोण्यात एंजलफिश वाढवणारी, दहावी नापास. शेवटच्या रांगेत बसले. ताईंनी ते पाहिलं आणि आपलं टेबल ओढत थेट आमच्यापुढं आणलं.

"आजचा वर्ग हितनं सुरू हुईल. पुढच्यांनी खुर्च्या फिरवाव्यात."

शिरूरच्या तंत्रशाळेत ताईंनी आयुष्यभर वीजकाम शिकवलं. 'बाईला यातलं काय कळतंय,' हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. वस्तीचं नाव काढून बोललेलंही ऐकलं होतं. म्हणूनच त्यांनी कंट्रोलरचे आराखडे आणि प्रोग्राम इंटरनेटवर सर्वांना खुले ठेवले. कामाच्या पायऱ्या त्यांनी तीन केल्या: तयार भाग जोडणं, स्वतः सोल्डरिंग करणं आणि प्रोग्राम लिहिणं. मात्र पहिल्या पायरीवरच्या माणसाला त्यांनी कधी अडाणी म्हटलं नाही, म्हणू दिलंही नाही.

मी दुसऱ्या पायरीवर असताना एका सकाळी माझ्या टाकीतलं पाणी कढत झालेलं दिसलं. पिल्लांसाठी जोड्या लावलेले सगळे एंजलफिश मेले होते. तापमान मोजणारी वायर मी जोडली होती, तीच सुटली होती. "मला हे जमणार नाही," असं मी ताईंना फोनवर रडत सांगितलं. त्या जीपनं निमोण्याला आल्या आणि दुपारपर्यंत माझ्या ओट्यावर बसून तपासत राहिल्या.

"सांधा तुझा कच्चा व्हता, खरंय. पण वायर सुटली तर हीटर बंद पडाया पायजे, ते माझ्या प्रोग्राममधी न्हवतं. मासे माझ्या चुकीनं गेले."

ही चूक त्यांनी स्वतःच्या नावानिशी सर्वांसाठी जाहीर लिहिली. मासे पाळणाऱ्यांच्या पुढच्या मेळाव्यात तयार कंट्रोलर विकणारे एक गृहस्थ हसले, "बघा, फुकटच्या डिझाईनचं असंच होतं."

ताई उभ्या राहिल्या. "उघडं हाय म्हणून चूक सापडली. तुमच्या बंद डब्यात ती कुणाला दिसली असती? दावा खोलून."

त्या गृहस्थांनी डबा खोलला नाही.

दुरुस्ती मात्र ताईंनी स्वतः केली नाही. "मासे तुझे गेलेत, उपाय तू लिही," म्हणाल्या. मला दोन महिने लागले. ताई चुका दाखवत राहिल्या, पण एक ओळही त्यांनी लिहून दिली नाही. आज ती दुरुस्ती माझ्या नावानं त्यांच्या प्रोग्राममध्ये आहे.

साठी आली, आता आराम करा, असं ताईंना सुचवणारे पुष्कळ आहेत. आम्ही त्यांतले नाही. ताई, गुडघे सांभाळा, गोळ्या वेळेवर घ्या आणि शंभरी गाठा. आमच्याशी भांडायला, आमचं काम तपासायला आणि कुणी मागं बसवलं तर टेबल ओढायला तुम्ही आम्हाला धडधाकट हव्या आहात.