एका रिदिमचे एकोणीस गायक

"गाणारा सोड रे, खालचं ऐक," असं म्हणत काका माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन बोटांनी ठेका धरायचे.

पिस्कॅटवेत ते शेजारच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. मूळचे नागपूरचे. ब्रॉन्क्सच्या एका हॉस्पिटलात तीस वर्षं पेशंटना भूल देऊन रिटायर झालेले. नजर अधू झाली, ड्राइव्ह करणं बंद झालं, म्हणून शनिवारी ग्रोसरीला मी नेत असे. जाता-येता एकच गाणं वाजायचं. निदान मला तसं वाटायचं.

"एकच नाही," ते शांतपणे सांगत. "हे जमैकाचं डान्सहॉल. तिथे आधी ठेका आणि बेस तयार करतात, त्याला म्हणायचं रिदिम. मग त्यावर ज्याला जे सुचेल ते तो गातो. मघाचा पोलिसांना शिव्या देत होता, हा बढाई मारतोय. पुढची बाई दोघांनाही झापणार आहे. आपण नाही का एका चालीवर चार आरत्या म्हणत?"

हॉस्पिटलातल्या जमैकन सहकाऱ्यांनी दिलेल्या एकोणीस रेकॉर्डी त्यांच्याकडे होत्या. सगळ्या त्याच रिदिमच्या. मुलीने त्या फोनवर घालून दिल्या होत्या.

आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात त्यांना छंदावर बोलायला दहा मिनिटं मिळाली. चौथ्या गाण्याला सेक्रेटरी स्टेजवर आला.

"काका, छान आहे, पण आता पुढचं लावा ना."

"हे पुढचंच आहे."

त्या वर्षी जेवण वेळेआधी वाढलं गेलं.

एका शनिवारी म्हणाले, "आज ग्रोसरी कॅन्सल. नर्सिंग होमला जाऊ." तिथे त्यांच्या ऑपरेशन थिएटरमधली जुनी नर्स होती, किंग्स्टनची. एकोणिसांतला एक गायक तिचा धाकटा भाऊ, तरुणपणीच गेलेला. तिची स्मृती गेली होती. काकांना प्लंबर समजून तिने गळका नळ दाखवला. काकांनी तो नीट तपासला.

मग फोन टेबलावर ठेवून रिदिम लावला. पाच गायक झाले, ती खिडकीबाहेरच बघत होती. सहावा आवाज आला आणि तिची मान वळली.

"उशिरा उचललं," ती म्हणाली. "याचं नेहमीचंच. घरीही उशिराच यायचा."

आणि पुढचा शब्द न् शब्द तिने त्याच्याबरोबर म्हटला. गाणं संपल्यावर विचारलं, "नळाचं झालं?"

"झालं," काका म्हणाले.

गाडीत त्यांनी काही लावलं नाही. नाक शिंकरून एवढंच विचारलं, "पुढच्या शनिवारी जमेल ना तुला?"

वर्षभर जमवलं. दर वेळी नळ तपासला. ती गेली तेव्हा तिच्या चर्चमधल्या लोकांनी काकांना घरच्यांच्या रांगेत बसवलं.

पुढे ते फ्रिस्कोला मुलीकडे गेले, आणि तिथेच वारले. मला दिसतात ते निघतानाचे, नेवार्क विमानतळावरचे काका. सिक्युरिटीच्या वयस्क जमैकन माणसाने त्यांना रेकॉर्डींची पेटी उघडायला लावली. एक रेकॉर्ड उचलून नाव वाचलं, आणि छातीवर हात ठेवला. काकांनी मान हलवली, नाही म्हणून, आणि पेटीतून त्या सहाव्या गायकाची काढून त्याच्यापुढे धरली. मागे रांग वाढत होती.