वकिलीणबाईंची करंगळी

"हात वर कर. सगळ्यांना दिसू दे."

मी नखांचं काम करायची त्या पार्लरच्या मालकिणीनं माझं मनगट धरून हात वर केला. तीन गिऱ्हाइकं बघत होती. माझ्या अंगठ्याच्या नखापाशी चामखीळ आली होती. समोर बसलेल्या एका पोरीच्या बोटालाही तसलीच, ती तक्रार घेऊन आलेली. मालकिणीला चोर सापडला.

शेजारच्या खुर्चीतून वकिलीणबाई म्हणाल्या, "पडेगावच्या वस्तीतली ना ही? ह्या लोकांत स्वच्छता कुठली असायची."

माझं आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. तेव्हापासून हाताखाली घ्यायला टॉवेल घरून आणायच्या. लई लाज वाटली मला. खरं सांगते, क्षणभर वाटलं, असंल माझीच घाण.

मग डोकं तापलं. चार-पाच महिन्यांमागं ह्याच बाईच्या करंगळीला दोन चामखिळी होत्या. मी नखांचा कोर्स केलाय. चामखीळ विषाणूनं व्हती, बारीक चिरंतून आत शिरती, असल्या बोटाला हात लावायचा नाय, हे मला पाठ होतं. मालकिणीला हळूच सांगितलं बी. मोठ्या घरची बाई हाय, गप काम कर, म्हणाली. हातमोजे मागितले, तर गिऱ्हाइकाला वाईट दिसतं म्हणे.

मी गप काम केलं. टॉवेल त्यांचा, नखं घासायची फाईल सगळ्यांची. तीच फाईल स्पिरिटनं पुसली, जंतू मारायच्या निळ्या दिव्याच्या पेटीत ठेवली, आणि पुढं ह्या पोरीच्या नखांवर चालवली. खरखरीत फाईल पुसून साफ व्हत नाय. मला माहीत होतं. तरी चालवली.

मी मनगट सोडवून घेतलं.

"बाई, तुमची करंगळी दाखवा."

वकिलीणबाईंनी मूठ आवळली. मालकीण म्हणाली, बाईंची माफी माग नायतर चालती हो.

माफी मागितली. त्या पोरीची. चूक माझ्या हातून झाली, डॉक्टरला दाखव, म्हणलं. वकिलीणबाईंची नाय मागितली. पेटीतल्या सगळ्या फायली कचऱ्यात टाकल्या आन पायऱ्या उतरले.

चामखीळ सरकारी दवाखान्यात जाळून घेतली. बरी होईस्तोवर कुणाच्या हाताला हात लावला नाय. आता घरोघरी जाते. फाईल नवी काढते, काम झालं की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत मोडते. बोटावर काही दिसलं तर काम करत नाय, बाई कुणाची का असंना. मला जे कळतं, ते कुणाला भिऊन मी पुन्हा गिळणार नाय.