तांबडीची पूड

आमच्या परसातल्या तांबड्या कोंबडीनं आज सकाळी कवच नसलेलं अंडं घातलं आणि माझं डोकंच फिरलं. हातात घेतलं तर पाणी भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत. ती स्वतः पंख पाडून खुराड्याच्या कोपऱ्यात बसलेली. मागे अशीच बसलेली एक कोंबडी दगावली, म्हणून तर गुरांच्या डॉक्टरांना विचारून मी कॅल्शियमची पूड आणली होती. पण ही बया दाण्यांतला मका तेवढा वेचते, पूड तशीच ठेवते आणि जाऊन भिंतीचे पोपडे खाते! पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घातले, तर भांडं उलथून मोरीचं पाणी पिते.

"अगं, तुझ्याच जिवासाठी आहे ना हे?" मी ओरडले.

पडवीतून सासूबाई म्हणाल्या, "ओरडून का ती खाणार आहे? भातात कालवून दे."

रागारागानंच शिळ्या भातात पूड कालवली, वर थोडं ताक घातलं आणि तिच्यापुढे उकिडवी बसले. ज्याच्यासाठी जीव तुटतो, त्याला आपली काळजी कडूच का लागते कोण जाणे. लेकरांचं तेच, म्हाताऱ्यांचंही तेच. की आपणच घासाआधी उपदेश पुढे करतो?

तांबडीनं मान तिरकी करून माझ्याकडे पाहिलं, एक चोच मारली, मग दुसरी. बघता बघता ताटली स्वच्छ केली, उठली आणि माझ्या पायावर शिटून ऐटीत अंगणात गेली.

तिला शिव्या घालत मी पाय धुतला. इतकं हायसं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.