मानसिंग मिस्तरीचा सिलिंडर

मानसिंग मिस्तरीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं लोणी देवकरात कुणीही सांगेल. ते खरं नाही. नाकावरचा राग येतो आणि जातो. मानसिंगचा राग लोणच्यासारखा मुरलेला होता, आणि रोज थोडा चाखल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

त्या रागाचं नाव होतं दत्तोपंत. मानसिंग ज्या साखर कारखान्यात टर्नर होता, तिथं दत्तोपंत चीफ इंजिनिअर होते. उसाचे रोलर फिरवायला तिथं एक जुनं वाफेचं इंजिन होतं, चांगलं खोलीएवढं. गळीत हंगाम सुरू झाला की त्या इंजिनाला काही ना काही दुखणं लागायचं आणि मानसिंगला हाक जायची. पिस्टनच्या रिंगा त्यानं केल्या, बेअरिंगं त्यानं बसवली, गरम तेल अंगावर सांडून घेतलं तेही त्यानंच. पुढं विजेच्या मोटारी आल्या आणि इंजिन भंगारात निघालं. तोडण्याआधी त्याला हार घालायचा छोटासा कार्यक्रम झाला. माइक हातात घेऊन दत्तोपंत म्हणाले, हे इंजिन मी एकही हंगाम बंद पडू दिलं नाही. टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत उभा असलेला मानसिंग आता आपलं नाव येईल, मग येईल म्हणून वाट बघत राहिला. चहा आला, नाव काही आलं नाही.

इंजिन गेल्याचं त्याला दुःख झालंच असणार, पण ते या रागाखाली कुठल्या कुठं दबून गेलं. निवृत्त झाल्यावर त्यानं दोन्ही म्हशी विकल्या, रिकाम्या गोठ्यात भंगारातून आणलेलं, धातू कातायचं लेथ बसवलं आणि तेच इंजिन लहान करून बांधायला घेतलं. टेबलावर मावेल एवढं, पण खेळणं नव्हे. पाणी उकळलं की खऱ्या वाफेवर फिरलं पाहिजे. म्हशी खरं तर शकुबाईच्या होत्या, तिच्या माहेरहून आलेल्या रेडकाची ती वाढ होती. विकण्याआधी बायकोला विचारावं हे काही मानसिंगला सुचलं नाही. चार दिवस ती दावणीकडं बघून डोळे पुसत होती. पाचव्या दिवशी तिनं लेथखालचा लोखंडाचा कीस झाडायला सुरुवात केली. कुणीतरी झाडायला हवाच होता.

हे सगळं कशापायी, असं तिनं एकदा विचारलं तेव्हा लेथवर वाकल्या वाकल्या तो म्हणाला की दत्तोपंताला इथं बोलवायचं, त्याच्या डोळ्यांदेखत हे चालवायचं आणि विचारायचं, सायेब, आता सांगा, ते इंजिन कुनी चालवलं हुतं? एवढ्या एका प्रश्नासाठी हा माणूस वर्षानुवर्षं गोठ्यात राबला. सूनबाई हसायची, मुलगा कंटाळला होता. चाक झालं, त्याचे आरे झाले, दांडा झाला, बोटभर लांबीच्या झडपा झाल्या. आणि शेवटी गनमेटल या पिवळसर धातूचा सिलिंडर. त्याच्या आतली भिंत मानसिंगनं अशी गुळगुळीत केली होती की पिस्टन आपल्या वजनानं हळूहळू खाली उतरायचा, जणू आत मध भरलाय.

पण सिलिंडर झाला आणि त्याच पावसाळ्यात त्याच्या उजव्या हाताला कापरं सुरू झालं. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे वाढत जाईल. मानसिंग डॉक्टरांवरही चिडला. पण चहाचा कप बशीत वाजायला लागला तेव्हा त्याला कळून चुकलं की असा सिलिंडर आता आपल्या हातून पुन्हा होणे नाही. जे काही दाखवायचं ते लगेच दाखवायला हवं. त्यानं दत्तोपंतांना फोन करून दिवाळीच्या पाडव्याला जेवायलाच बोलावलं. ते बारामतीत मुलाकडं राहत होते. मोठ्या आनंदानं हो म्हणाले, त्यामुळं मानसिंग आणखीनच भडकला. ह्या माणसाला काहीच कसं आठवत नाही?

मग खंडेनवमी आली. या दिवशी हत्यारं धुऊन पुसून पूजेला मांडायची, हा आपल्याकडं रिवाज. मानसिंग त्या बाबतीत फार कडक. कारखान्यात असताना पान्यावर तेलाचा एक काळा डाग दिसला तरी पोरांना शिव्या खाव्या लागायच्या. घरी हे काम शकुबाईकडं. त्या सकाळी बॉयलरचा वाफेचा नळ आणायला तो बारामतीला निघाला आणि मोटारसायकलवर बसता बसता तिला म्हणाला, "गोठ्यातलं समदं लख्ख झालं पायजे. एकावर जरी काळं दिसलं तर बघ."

शकुबाईनं शब्द पाळला. पाने, हातोड्या, कानशी, सगळं घासलं. मग कापडाखाली झाकलेला सिलिंडर तिला सापडला. बाहेरून तो जरा काळवंडला होता आणि आतून तेलकट होता. देवापुढं मांडायचं ते असं कसं मांडायचं? तिनं चिंच आणि मीठ घेतलं. बाहेरून हातानं चोळलं. आत बोट पुरेना, म्हणून रवीच्या दांड्याला तारेची घासणी गुंडाळली, आत घातली आणि तांब्याची कळशी आतून घासतात तशी गरागरा फिरवली. पिस्टनही घासला. मग दोन्ही हळदीकुंकू लावून झेंडूच्या फुलांत मांडले. सोन्यासारखे दिसत होते.

मानसिंग आला, गोठ्यात शिरला आणि ते सोनं त्यानं पाहिलं. सिलिंडर उजेडाकडं धरून आत बघितलं. आतल्या भिंतीवर गोल गोल ओरखडे उठले होते. एवढ्याशा इंजिनाला ते ओरखडे पुरेसे. वाफ त्यांतून निसटणार आणि चाक जागचं हलणार नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सून दारात, शेजारची कौसल्याकाकू उद्याच्या दसऱ्यासाठी आपट्याची पानं घेऊन आलेली, कुणाकुणाचं त्याला भान उरलं नाही. तो शकुबाईला अडाणी म्हणाला. तिच्या बापाला अडाणी म्हणाला. चाळीस वर्षं आपण दगडाबरोबर संसार केला, असंही म्हणाला. आणि सणाच्या दिवशी, पूजेच्या पाटासमोर, शकुबाई हातातलं निरांजन खाली ठेवून ऐकत राहिली.

"लख्ख कर म्हनला," ती एवढंच म्हणाली. "ह्याला हात लावू नगं, असं कवा म्हनला तुमी?"

ज्याच्याकडं उत्तर नसतं तो जास्त ओरडतो, तसा मानसिंग आणखी ओरडला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनंसुद्धा त्यानं तिच्या हातून घेतलं नाही. त्याला वाटत होतं तिनं माफी मागावी. का मागावी? सांगितलेलं काम तिनं मन लावून केलं होतं. चूक सांगणाऱ्याची, आणि सांगणारा फुगून बसलेला.

ओरखडे घालवायचा एक उपाय होता. सिलिंडरच्या आत बसेल असा अॅल्युमिनियमचा गोल दांडा करायचा, त्याला इंजिनाच्या व्हॉल्व्हला लावतात ती खरखरीत पेस्ट लावायची आणि तो हातानं पुढं-मागं, गोल फिरवत राहायचं, कणाकणानं भिंत सारखी होईपर्यंत. मग वाढलेल्या मापाचा नवा पिस्टन. पिस्टन लेथवर होतो, तिथं हत्यार लेथ धरतं. पण तो दांडा धरायला माणसाचा हात लागतो, आणि हात सरळ नसेल तर भोकाचं तोंड कर्ण्यासारखं पसरतं. मानसिंगनं आधी एका वाया गेलेल्या तुकड्यावर करून बघितलं. तोंड पसरलं. दुसऱ्यावर बघितलं, तेही पसरलं. तिसरा तुकडा त्यानं भिंतीवर फेकून मारला.

आवाज ऐकून शकुबाई दारात आली. मानसिंगनं तिच्याकडं बघितलं नाही. पडलो तरी नाक वर, अशातला तो माणूस. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "घासायची हौसच हाय न्हवं? मग ये. नीट कसं घासायचं ते सांगतो."

दुसरी एखादी असती तर तिनं तो दांडा त्याच्याच डोक्यात घातला असता. शकुबाईच्याही मनात आलंच असेल. पण ती आत आली, पदर खोचला आणि स्टुलावर बसली.

दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत रोज दुपारी, भांडी झाल्यावर ती गोठ्यात बसायची. तो मागं उभा राहून सांगायचा: दाबू नको, वळव, आता पुसून घे, आता पेस्ट बारीक. पहिले काही दिवस त्यानं तिला सतत टोकलं. मग टोकायला जागाच उरली नाही. जात्याचा खुंटा धरून ज्या हातानं आयुष्यात मणामणानं दळलं, तो हात एकसारखा फिरत होता. एकदा ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "हितं आडतंय." मानसिंगनं उजेडात बघितलं, काही दिसेना. माप घातलं तेव्हा तिथं खरोखरच केसाएवढा उंचवटा होता. त्यानं मान हलवली. शाब्बास हा शब्द त्याच्या घशापर्यंत आला होता, पण त्या घशाला तशी सवय नव्हती. नवा पिस्टनही तिनंच बसता केला. तो पुन्हा तसाच मधातून उतरल्यासारखा उतरला, तेव्हा मानसिंग गोठ्याबाहेर जाऊन उगाच बोअरची मोटर बघून आला.

पाडव्याला दत्तोपंत आले, काठी टेकत. त्यांचा मुलगा केयूर त्यांना गाडीतून सोडून पुढं इंदापूरला गेला. जेवणं झाली. मानसिंगनं बॉयलरखाली बर्नर पेटवला. त्याचा हात एवढा कापत होता की दोन काड्या विझल्या, आणि दत्तोपंतांनी ते पाहिलं. पाणी उकळलं, वाफ चढली, त्यानं नळ उघडून चाकाला बोट लावलं. चाक एकदा अडखळलं आणि मग फिरायला लागलं, तेच जुनं खोलीएवढं इंजिन, तीच चाल. दत्तोपंतांच्या डोळ्यांत पाणी आलं. कान पुढं करून ते ऐकत राहिले.

"वाफ कुठंही गळत नाही," ते म्हणाले. "असा सिलिंडर आता तिकडं एमआयडीसीतसुद्धा कुणी करून देणार नाही. हे तुझ्या हातचं नसावं मानसिंग, तुझा हात तर थरथरतोय. कुणी केला हा?"

मानसिंगच्या मागं शकुबाई करंज्यांचं ताट घेऊन उभी होती.

"मीच की सायेब," मानसिंग म्हणाला. "दुसरं कोन हाय हितं?"

ताट टेबलावर ठेवून शकुबाई आत गेली. आदळआपट केली नाही, ठेवायचं तसंच ठेवलं.

ज्या प्रश्नासाठी एवढा खटाटोप केला तो आता मानसिंगच्या ओठांवर होता. ते इंजिन कुनी चालवलं हुतं? विचारायला तोंड उघडलं आणि त्याला कळलं की आता हा प्रश्न आपल्याला विचारता येत नाही. त्याला संताप आला. दत्तोपंतांवर काढावा तर ते बिचारे लहान मुलासारखे चाकाकडं बघत होते. त्यानं भांडायला उठल्यासारखं, मोठ्यानं सांगून टाकलं की सिलिंडर आपण नाही, बायकोनं घासलाय.

दत्तोपंत हसले. म्हातारपणी बायकोला मान द्यायला शिकलास की, असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि करंजी उचलली.

गाडी त्यांना घेऊन गेली तोवर बॉयलरमधलं पाणी संपून इंजिन थांबलं होतं. मानसिंग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. शकुबाई पाठमोरी बसून ताटं आवरत होती.

"चल, परत पेटवतो," तो म्हणाला. "तू म्होरनं बघितलंच न्हाईस."

"मला न्हाय बघायचं. कसं फिरतंय ते माज्या हाताला ठाव हाय."

"मी सांगितलं त्येंला, तू केलंस म्हून. तर त्ये हसलं." मानसिंगचा आवाज रागानं चिरकला. "मी खरं सांगतूय आन् त्ये हसत्यात."

शकुबाईनं ताट खाली ठेवलं आणि वळून त्याच्याकडं बघितलं.

"आन् मग तुमी काय केलं?"

दत्तोपंतांबरोबर मानसिंगही हसला होता.