जठारपेठेतला रिकव्हरीवाला

अकोल्याच्या जठारपेठेत मोबाइल दुरुस्त करणारा एकजण आहे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पुसलेले फोटो परत आले, पोराचा ताप उतरला, गेलेली लाईट आली, रुसलेली बायको माहेरून परतली, सगळ्यालाच तो टेबलावर थाप मारून म्हणतो, "रिकव्हर झालं!"

मी आठवीत शाळा सोडलेला, कोकणातून इथल्या मेसमध्ये स्वयंपाकाला आलेला. गावी आईच्या डोळ्याची ऑपरेशननंतरची पट्टी निघायची होती, त्याच दिवशी माझा मोबाइल वरणात पडला. धावतच त्याच्याकडे गेलो. गिऱ्हाइकाचा फोन उघडण्याआधी तो स्वतःचा फोन त्याच्या हातात देतो, ही त्याची रीतच.

"कावून घाबरून राहिला बे? मशीन थांबते, मायचा जीव नाई थांबत. आधी घरी लाव."

ताईचा नंबर पाठ होता. व्हिडिओवर आई दिसली, डोळे मिचकावत. "किती वाळलास रे!" म्हणून रडली. मग माझ्यामागून डोकावणाऱ्या त्याला निरखून म्हणाली, "त्या दादाच्या शर्टाचं बटण तुटलंय."

त्याने गळा चाचपला. "मावशी, माह्या बायकोले बी नाई दिसलं थे!"

माझा मोबाइल काही वाचला नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचं त्या दिवशी राहूनच गेलं.